शिवेवर अडलेला गाडा

भरदुपारी दारात बंडू येऊन उभा राहिला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. पायांना नाल्याचा चिखल, डोक्यावर टोपी नाही. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. सख्खी मोठी बहीण गेली आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "उलट्या-जुलाब हुते काय रं?" बंडूने मान हलवली. "नाय मामा. जेवून आडवी झाली ती उठलीच नाय." तेव्हा कुठे मला रडू आलं... आधी भीती आणि मग दुःख, हा आमच्या घरातला क्रम आक्कानेच घालून दिला होता.

आक्का भित्री होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि मी चांगलंच बोलतो आहे. लहानपणी ती विजेला भ्यायची, आगगाडीच्या शिट्टीला भ्यायची, कर्जतच्या बाजारात माझा हात असा धरायची की वळ उठत. म्हणून वडिलांनी तिला मुद्दाम जवळ दिली, नाल्यापलीकडे. नाला म्हणजे शीव. अलीकडे आमचं गाव, कर्जत तालुक्यातलं. पलीकडे तिचं सासर, ते खालापुरातलं. आमच्या अंगणातून हाक मारली तर तिच्या ओटीवर ऐकू जाई. पण ते गाव उताराला. आमच्या मोऱ्यांचं, गोठ्यांचं आणि आणखी कशाकशाचं सांडपाणी उघड्या गटाराने नाल्यात पडे, आणि थोडं खाली नाल्याच्या काठालाच त्यांची विहीर. वाहतं पाणी बाटत नाही, असं आमचे लोक ठासून सांगत. तालुक्याला जावं तर इकडचे म्हणत, विहीर खालापूरची. तिकडचे म्हणत, गटार कर्जतचं.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. भातकापणीच्या सुमाराला पलीकडे पटकी, म्हणजे कॉलरा, आली. आक्काची धाकटी जाऊ सकाळी पाणी भरून आली आणि दिवेलागणीच्या आत संपली. मग रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून रडणं ऐकू येऊ लागलं. आम्ही अलीकडून नुसते कान देऊन बसायचो, आवाज आक्काच्या घराकडून तर येत नाही ना म्हणून. बंडू तिचा एकुलता एक. त्याला ती कडेवरून खाली उतरवत नसे.

पटकी आली की आमच्याकडे मरीआईचा गाडा काढतात, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. लहानसा लाकडी गाडा, त्यात आईची मूर्त, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं. वाजतगाजत तो शिवेपार ढकलायचा, म्हणजे आईबरोबर रोगही जातो. पुढचं गाव त्याच्या पुढच्या गावात ढकलतं. एकदा निघालेला गाडा मागे फिरवायचा नाही. एका सकाळी पलीकडचे लोक गाडा घेऊन नाल्यावर आले. आक्काचे यजमान, आमचे दाजी, त्या गावचे पंच, म्हणून ते पुढे. अलीकडे आमचे पाटील माणसं घेऊन उभे. माझ्याही हातात काठी होती. आमची घाण वर्षानुवर्षं तिकडे जात होती ते चाललं, तिकडची आई मात्र इकडे यायला नको होती.

तेवढ्यात आक्का बंडूला कडेवर घेऊन नाल्यात उतरली आणि गाड्यासमोर उभी राहिली.

"मला लय भ्या वाटतं," ती म्हणाली. हे तोवर मोठ्याने कुणी म्हटलंच नव्हतं. "आईला तुमी पल्याड ढकलाल, त्ये आनिक फुडं ढकलतील. पन पानी कोन ढकलंल? त्ये खालीच येनार. माज्या हंड्यात."

दाजी म्हणाले, बाजूला हो, आईचा कोप होईल.

"हू द्या. माज्यावर हू द्या. पोरावर नको."

बाईमाणसाला, तेही कडेवर पोर असताना, कोण हात लावणार? गाडा मागे नेता येईना आणि पुढे जाईना. उन्हं डोक्यावर आली तेव्हा आमचे पाटील काठी टाकून दरडीवर बसले आणि बोलणं सुरू झालं. ठरलं ते असं, की आमचं गटार नाल्यात न सोडता लाकडी पन्हळीने नाल्यापार घ्यायचं, काठाने पलीकडच्या हद्दीतून न्यायचं, वाटेत त्यांच्याही मोऱ्या त्याला जोडायच्या आणि विहिरीच्या पार खाली, दाजींच्या टोकाच्या खाचरात ते सोडायचं. तुमची घाण आमच्या उरावरून का, असं पलीकडचे म्हणाले, पण विहीर वाचते म्हटल्यावर कबूल झाले. त्याहून मोठं घोडं अडलं ते उपसायचं कुणी यावर. ज्यांच्याकडून असली कामं करून घ्यायची रीत होती त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. आक्का म्हणाली, ज्याचं सांडपाणी त्यानं फावडं घ्यावं. अलीकडच्यांनी पलीकडचा भाग उपसायचा आणि पलीकडच्यांनी अलीकडचा, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेसमोर कुणी अंगचोरी करणार नाही, हीही तिचीच अट. शिवेच्या दगडावर नारळ फुटला.

गटार झालं. गाडा मात्र नाल्यातच राहिला. त्याला हात लावायला कुणी धजेना. लुगडं कुजलं, पुढच्या पावसात चाकं वाहून गेली. नंतर आजूबाजूला पटकी आली, आमच्या दोन्ही गावांत आली नाही. कुणी म्हणे गटारामुळे, कुणी म्हणे आई शिवेवर बसून राखण करते आहे. आक्काचं दोन्हींनी समाधान झालं नाही. आपण आईची वाट अडवली, ती ते विसरणार नाही आणि वसूल करील ते बंडूकडून, ही धास्ती तिने मरेपर्यंत बाळगली. तो शिंकला तरी ती पांढरी पडे. रोज सकाळी हंड्यातलं पहिलं पाणी ती आपल्या पितळी पेल्यात घेई, पिई, आणि चुलीपुढे वाट पाहत बसून राही. आपल्याला काही होत नाही असं वाटलं की मग बंडूला देई. मी चेष्टा करायचो, पटकी काय अशी लगेच हजेरी देते होय? ती म्हणायची, "मला काय ठावं? पन आदी माज्याकडं येऊ दे रं."

तेराव्याचे पाहुणे गेल्यावर मी आणि बंडू तिच्या चुलीपुढे बसलो होतो. बंडू आता मिशी फुटलेला गडी, माझ्याहून वीतभर उंच. दिवसभर राबून त्याचा घसा कोरडा पडला होता. त्याने तांब्या भरला, पुढ्यात ठेवला आणि नुसता बघत बसला. मी फळीवरचा तिचा पितळी पेला काढला, तांब्यातलं पाणी ओतून घेतलं आणि प्यालो. पाणी चांगलं होतं, गोड होतं. बंडूने तांब्याकडे हात नेला.

"थांब रं जरा," मी म्हणालो.