बाबांच्या चेहऱ्यासाठी माझं नाक

माझ्या भावाला लोक साधू म्हणतात. आवाज चढवत नाही, कुणाचं वाईट बोलत नाही, चाळीस वर्षं एकाच खोलीत उभा राहून माणसांचे चेहरे रंगवतो, म्हणून. साधू कसला, डोंबल. मूग गिळून बसणाऱ्याला साधू म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी त्याची मोठी बहीण आहे, आणि हे मूग त्याने कधीपासून गिळलेत ते मला या वर्षी कळलं. मी त्रेसष्ट वर्षांची, तो एकोणसाठचा. म्हणजे बघा.

त्याचा स्टुडिओ टायर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. बावीस पायऱ्या, एक दुसरीच्या मापाची नाही. खाली हवा भरायचं मशीन दिवसभर धडधडतं आणि वर हा ब्रश घेऊन उभा. खोलीला एकच मोठी खिडकी, उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही म्हणून त्याने ही खोली घेतली. नळ खालच्या मजल्यावर आहे याचा विचार केला नाही. तो विचार त्याच्या बायकोने करायचा, पहिली काही वर्षं बादल्या तिनेच वर चढवल्या. आत टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास इतका, की घरी गेल्यावर माझी साडी दोन दिवस गॅलरीत टांगावी लागते.

सकाळी आठला येतो. आधी ओल्या फडक्याने जमीन पुसतो, कारण झाडलं तर धूळ उडून रंगावर बसते. मग कालच्या चित्राकडे पाठ करून बसतो आणि हातात आरसा धरून त्यातून चित्र बघतो. उलटं दिसलं की चुका दिसतात म्हणे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं याचं डोकं फिरलं. मग पॅलेटवर पाच रंग काढतो, पाचच. काळा त्यात नाही. काळा तो निळा आणि तपकिरी मिसळून करतो, आणि विकतचा काळा वापरणाऱ्यांकडे असा बघतो, जसा कारकून खाडाखोड केलेल्या अर्जाकडे बघतो. उजेड गेला की थांबतो, आणि थांबायच्या आधी जे जमलं नाही ते सुरीने खरवडून काढतो. एका बँक मॅनेजरचं कपाळ त्याने सतरा वेळा खरवडलं. तो मॅनेजर मला जिन्यात भेटला तेव्हा विचारत होता, माझ्या कपाळात एवढं काय आहे हो. मी म्हटलं, काही नसेल, म्हणूनच वेळ लागतोय.

त्याचे दोन हट्ट आहेत. समोर जिवंत माणूस बसल्याशिवाय चेहरा रंगवायचा नाही, फोटोवरून नाही आणि आठवणीतूनही नाही. आणि बसलेल्या माणसाने गप्प राहायचं नाही. गप्प बसलं की चेहरा मिटतो, म्हणतो. स्वतः मात्र तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

आमचे बाबा दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग चालवायचे. त्या वर्गाला यंदा साठ वर्षं झाली. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, हॉलमध्ये सरांचं तैलचित्र लावायचं. त्यांचा चिटणीस आता चष्म्याचं दुकान चालवतो, तो माझ्या भावाकडे आला. सगळं ठरलं, अनावरणाची तारीखसुद्धा ठरली, मग कळलं घोडं कुठे पेंड खातंय ते. बाबांचा फोटोच नाही. यंत्राने काढलेल्या चेहऱ्यात काय असतं, असं म्हणून त्यांनी आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नाही. वर्गाचा एक सामूहिक फोटो आहे, त्यात बाबा नखाएवढे, आणि तेही नेमके मान वळवून कुणाला तरी दटावताना.

भाऊ संध्याकाळी माझ्या घरी आला. चहाचा कप अर्धा झाल्यावर म्हणाला, "ताई, तू बस. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं बाबांचं तुझ्याकडे आलंय."

"माझ्याकडे नाक आलं. बाकीचं सगळं तुझ्याकडे गेलं," मी म्हटलं.

तो कपात बघत राहिला. मी म्हटलं, "बसते. पण एक लक्षात ठेव. बाबा जसे होते तसे आले पाहिजेत. गोड गोड म्हातारा रंगवलास तर मी ते चित्र हॉलमध्ये लागू देणार नाही. सगळ्यांसमोर सांगेन."

"बघू," तो म्हणाला. त्याचं हे "बघू" मी जन्मभर ऐकतेय.

मग तीन आठवडे, दुपारी दुकान बंद करून, मी त्या बावीस पायऱ्या चढत होते. माझं शिवणकामाचं दुकान आहे. पंचेचाळीस वर्षं कापडावर खडूने मापं आखतेय. खुर्चीत बसून बोलायचं होतं, तर मी बोलले. माझ्याकडे बोलायला एकच गोष्ट होती आणि ती मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

मी बारा वर्षांची होते, तेव्हाची. बाबांच्या वर्गात एक नियम होता, कागदावर नाव घालायचं नाही. नाव बघितलं की डोळा लबाडी करतो, हात ओळखता आला पाहिजे, असं ते म्हणायचे आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. मी पेन्सिलींना टोकं करायला आणि भांड्यांतलं पाणी बदलायला जायचे. मागच्या बाकावर बसून चित्रही काढायचे, भाऊ शेजारी असायचा, आठ वर्षांचा. त्या दिवशी स्टुलावर एक पोचा आलेली पितळेची किटली ठेवली होती. सगळ्यांनी काढली. बाबांनी बाकाबाकावरून कागद गोळा केले, एकेक बघितला, आणि एका कागदावर थांबले. तो वर धरून सगळ्या वर्गाला म्हणाले, "बघा. आठ वर्षांच्या पोराचा हात आहे हा."

तो कागद माझा होता. मी उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी बदल." मी पाणी बदलायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, वर्गात यायची गरज नाही, आईला हाताखाली कुणीतरी हवं. झालं. त्यानंतर मी पेन्सिल धरली ती हिशेबाच्या वहीसाठी.

हे सांगताना मी रडले वगैरे नाही. मला राग येतो, रडू येत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते, अजूनही. एवढा हात ओळखणारा माणूस, आणि त्याला पोरीचा हात ओळखता आला नाही? ओळखला असणार. ओळखूनच पोराच्या नावावर केला. मुलगी किती पुढे जाणार, असा विचार केला असणार. एक्कावन्न वर्षं मी हेच धरून बसले होते. बाबा शेवटी आठ महिने अंथरुणाला खिळले होते. मी औषधं दिली, अंग पुसलं, चादरी बदलल्या. बोलले मात्र कामापुरतं, आणि तेही भिंतीकडे बघून.

सगळं ऐकताना भाऊ रंगवत होता. एकदाही "हो का" म्हणाला नाही. त्याचा ब्रश फक्त मध्येच थांबायचा. मला वाटायचं, रंग मिसळतोय.

चित्र अर्धवट असताना तो दाखवत नाही. पण अनावरणाला नऊ दिवस उरले होते, आणि त्या दुपारी तो पाणी आणायला खाली गेला. मी उठून ईझलच्या पलीकडे गेले.

बाबा होते. माझ्या नाकाचे, माझ्या कपाळाचे, पण बाबाच. पाट्या रंगवून उन्हात रापलेली कातडी, डाव्या भुवईत केस नसलेली ती पट्टी, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. एवढं हुबेहूब की मी पदर सावरला. आणि त्यांच्या ओठांवर हसू होतं. दात न दिसणारं, कुणीतरी काहीतरी बरं केल्यावर येतं तसं.

माझं डोकंच फिरलं. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं तिथेच होतं. मी ते उचललं आणि बाबांचं तोंड पुसून टाकलं. रंग ओला होता, एका फटक्यात गेला. नाकाखाली राखाडी डाग उरला.

भाऊ बादली घेऊन दारात उभा होता. दुसरा कुणी असता तर बोंब मारली असती. याने बादली खाली ठेवली.

"तीन आठवडे मी काय भिंतीशी बोलत होते का?" मी म्हटलं. "मुलीचं चित्र चोरणारा माणूस असा हसतो? लोकांना खूश करायला निघालास. सगळं आयुष्य त्या एका कागदावर उभं आहे तुझं, आणि त्या माणसाला तू संत करून टांगणार?"

"चित्र बाबांनी चोरलं नाही," तो म्हणाला.

"मग कुणी, मी?"

"मी."

खाली हवेचं मशीन चालू होतं. तो ते बंद व्हायची वाट बघत उभा राहिला. ते बंद होईना, तेव्हा त्यावरूनच बोलला.

"कागद गोळा करताना तू पुढच्या बाकांवरच्या पेन्सिली उचलत होतीस, आपल्या बाकावर दोन कागद होते. दोन्ही माझ्यासमोर होते. त्यांनी विचारलं, यातला तुझा कुठला. मी किटलीचा पोचा ज्यात नीट आला होता तो दाखवला. घरी जाताना, तू पुढे निघून गेली होतीस, त्यांनी परत विचारलं, नक्की तूच काढलास ना. मी हो म्हणालो. मग म्हणाले, म्हणजे दुसरा ताईचा. मी त्यालाही हो म्हणालो. माझी किटली वाकडी होती, ताई. नळी भलतीकडे. त्यांनी तो कागद दिव्याच्या खांबाखाली उभं राहून खूप वेळ बघितला. म्हणाले, पोरीला हे जमणार नाही, उगाच कशाला तिचा वेळ घालवायचा."

मी खुर्चीची पाठ धरली.

"पाणी बदल म्हणाले ते?"

"पाणी खरंच काळं झालं होतं."

मला त्याला मारावंसं वाटलं. एकोणसाठ वर्षांचा माणूस, केस पिकलेला, गुडघ्यावर रंगाचे डाग, आणि मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "आठ वर्षांचा होतास, ठीक आहे," मी म्हटलं. "अठराचा झालास, अठ्ठावीसचा झालास. बाबा आठ महिने अंथरुणावर होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते ते तुला दिसत होतं. तेव्हा काय झालं होतं तुझ्या तोंडाला?"

"मला वाटलं नव्हतं की त्यामुळे बोलत नाहीस. मला वाटलं तू विसरलीस."

"खोटं."

"हो," तो म्हणाला. "खोटं. मला माहीत होतं." मग म्हणाला, "ते गेले त्या आठवड्यात मला विचारलं होतं त्यांनी, ही माझ्यावर का चिडलीये. मी म्हटलं, दमते ती."

याला काय म्हणणार. आपलेच दात, आपलेच ओठ. मी पिशवी उचलली, चपला घातल्या, सात-आठ पायऱ्या उतरले. जिन्यात उभी राहिले. घरी जाऊन करणार काय होते? शिव्या द्यायला ज्या माणसाला एवढी वर्षं मनात बसवून ठेवलं होतं तो तिथून उठून गेला होता, आणि त्याच्याशी बोलायचं राहिलेलं तसंच राहिलं होतं. मी परत वर आले. भाऊ होता तिथेच उभा होता.

"ब्रश दे," मी म्हटलं.

त्याने विचारलं नाही कशाला. एक बारीक ब्रश निवडला, फडक्याने कोरडा केला, माझ्या हातात दिला. पॅलेट माझ्या बाजूला सरकवलं. बाबांचं तोंड मी पुसलं होतं, ते मीच भरणार होते. जसे होते तसे. आता तरी.

मी ब्रश रंगात बुडवला आणि नाकाखालच्या डागापाशी नेला. पंचेचाळीस वर्षं कापडावर रेघा ओढणारा हात आहे माझा. पण रेघ कुठून सुरू करायची ते कळेना. वरचा ओठ पातळ होता की जाड? कोपरे खाली होते की सरळ? हसताना डावीकडे खळी पडायची की ती काकांना होती? बाबांची नखं मला आठवतात, नखांतला पांढरा रंग आठवतो, पाठीवरचा चामखीळ आठवतो, आठ महिने ती पाठ मी पुसली होती. तोंड आठवेना. त्यांच्या तोंडाकडे मी बाराव्या वर्षानंतर बघितलंच नव्हतं.

आणि विचारायला राहिलं होतं कोण, तर हा.

ब्रश तसाच धरून मी वळले. "सांग," मी म्हटलं. "कसे हसायचे ते. आणि या वेळेला खरं सांग."