साडूभाऊंचा स्क्रू ड्रायव्हर आणि दादांचा आवाज

यवतमाळ जिल्ह्यात कुठंतरी काहीतरी बिघडल्याशिवाय आमच्या साडूभाऊंना जेवण जात नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोहाऱ्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आहे. कुठल्याही यंत्राला ते बिघडलेलं म्हणत नाहीत, ‘याची तब्येत नाई बरी’ म्हणतात. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. माझ्या मेहुणीचा, म्हणजे ताईंचा, मिक्सर त्यांनी असाच तपासला आणि आमचा फ्रीजही. माझ्या पुतणीच्या सोयरिकीसाठी आर्णीला गेलो होतो, तेव्हा बैठक चालू असताना हे स्टुलावर चढून पाहुण्यांच्या कुरकुरणाऱ्या पंख्याचं ऐकत होते. मुलाच्या वडिलांनी होकार दिला तो वर बघून. सोयरीक पंख्यामुळे जुळली, असं साडूभाऊ आजही छातीठोकपणे सांगतात.

त्यांची खरी कीर्ती मात्र फोनवरची आहे. शेतकऱ्याचा फोन येतो, मोटर चालू आहे, पाणीही येतंय, पण जोर नाही. साडूभाऊ हातातला घास खाली न ठेवता सांगतात, ‘उलटी फिरून राह्यली ते. तीनातल्या दोन वायरी अदलाबदल कर.’ पाच मिनिटांनी धो धो पाणी. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं आहे की ताई त्यांच्या आधी म्हणून मोकळ्या होतात.

अशा माणसाला एका सीडी प्लेअरनं आठ दिवस रडवलं. आर्णीतलं एक व्हिडिओचं दुकान बंद पडलं, तेव्हा हा जुना, लोखंडी पेटीसारखा जड प्लेअर दोन स्पीकरांसकट त्यांनी घरी आणला होता. कारण एकच. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, कधीकाळी गायन पार्टीत भीमगीतं गायचे. जयंतीला त्यांचा आवाज चढला की गाव कामं टाकून यायचं. त्या पार्टीची एकच सीडी निघाली आणि तिची एकच प्रत साडूभाऊंच्या कपाटात उरली होती. दादांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता ते कुजबुजल्यासारखं बोलतात. एक दिवस त्यांनी फोनवर भावाला विचारलं, ‘मले माहा आवाज एकडाव ऐकवशीन का?’ येत्या रविवारी ते येणार होते.

सोमवारी साडूभाऊंनी सीडी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. ढोलकी पातळ, बेंजो पातळ आणि दादा जणू शेजारच्या घरात बसून गात होते. ताबडतोब मला बोलावणं आलं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. मी जाईपर्यंत प्लेअरचं झाकण उघडलेलं होतं. मंगळवारी स्पिरिटच्या बोळ्यानं आतली लेन्स पुसून झाली. बुधवारी माझ्या खिशातल्या खोडरबरानं सगळ्या पिना घासल्या. गुरुवारी स्पीकरांखाली विटा आल्या आणि भिंतीला गादी उभी राहिली. शुक्रवारी संशय अर्थिंगवर गेला, म्हणून अंगणातल्या खड्ड्यात खडेमीठ टाकून दहा बादल्या पाणी ओतलं. शनिवारी फ्रीजमुळे आवाज मार खातो असं ठरलं, फ्रीज बंद झाला आणि दूध नासलं. ताई म्हणाल्या, ‘कायले एवढं करता? मोबाईलमंदी भरून घ्या ना!’

‘मोबाईलातला आवाज म्हणजे पावडरीचं दूध,’ साडूभाऊ म्हणाले. त्या दिवशी दुधाचं नाव काढायला नको होतं. बाकी मी काही सांगत नाही.

रविवारी दुपारी दादा आले. धुवून इस्त्री केलेला पांढरा सदरा, खिशाला पेन. खुर्ची दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये मांडली होती. गाणं सुरू झालं. दादा पुढं झुकले, मग आणखी झुकले.

‘कोरस हाये. बेंजो हाये,’ ते हळूच म्हणाले. ‘मी कुठी हाव?’

दादा मागं टेकले आणि हसले. ‘असाच असन बाप्पा माहा आवाज. लोक उगाच वाहवा करत होते.’

साडूभाऊंचा चेहरा मला बघवेना. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, एका स्पीकरला लावून ऐकलं, दुसऱ्याला लावून ऐकलं आणि नीट ऐकू यावं म्हणून उजव्या स्पीकरची वायर काढली. त्याच क्षणी डाव्या स्पीकरातून दादा गायला लागले! वायर जोडली, दादा गायब. काढली, हजर.

‘एकटा असला तं गाते, दोघं झाले का चूप. हे काहून?’

मी स्पीकरांच्या मागं वाकलो. डावीकडं लाल वायर लाल पिनेत होती, उजवीकडं लाल वायर काळ्या पिनेत. विज्ञानाचा मास्तर असून हे मी आठ दिवस पाहिलं नव्हतं, याची लाज मला आजही वाटते.

‘भाऊ, ही वायर उलटी लागली आहे.’

‘तं काय झालं मास्तर? बल्बाले कुठं उलटं-सुलटं असते?’ मोटरींच्या जोडीनं गावभर बल्ब आणि पंखेही जोडलेल्या हातांनी ती वायर सवयीनं जोडली होती. मी समजावलं, एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा भरलेला असतो, तोच नेमका एकमेकांत मरतो.

साडूभाऊ माझ्याकडं बघतच राहिले. ‘म्हणजे मोटर उलटी फिरून राह्यली?’

आतून ताईंचा आवाज आला, ‘दोन वायरी अदलाबदल करा.’

त्यांनी केल्या. आणि मग जो आवाज आला, तो मी कसा सांगू! खोलीच्या मधोमध, खुर्चीत बसलेल्या दादांच्या समोर, तरुण दादा उभे राहून गात होते. ताई कणकेच्या हातांनीच दारात आल्या. दादांचा हात गुडघ्यावर ठेका धरत होता, ओठ प्रत्येक शब्दावर हलत होते आणि आवाज समोरून येत होता. गाणं संपल्यावर ते म्हणाले, ‘असा होतो मी?’ आणि मग, ‘अजून लाव.’

दुसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा साडूभाऊ कोपऱ्यात स्पीकरला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, भिंतीकडं तोंड करून बसले. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘भाऊ, आता कानाला कशाला लावता?’

‘तब्येत पाहून राह्यलो,’ ते म्हणाले आणि बाहीनं डोळे पुसले.

त्यानंतर त्या स्पीकरांच्या वायरींना त्यांनी हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही. दादा महिन्यातून एकदा येतात, मधल्या खुर्चीत बसतात. परवा गाणं थांबल्यावर साडूभाऊंनी दादांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि सवयीनं डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच ऐकत राहिले.