चार कुलपांची संदूक

पौष महिना, सोमवारची सकाळ. ठाण्यात हजर: मी, म्हणजे तेव्हाचा नवा फौजदार, लेखनिक हवालदार, दारावरचा शिपाई, बाकावर चार तरुण, आणि त्यांच्यासमोर एक लाकडी संदूक. आधी हजेरी आणि मग हकीकत ही सवय नोकरीने लावली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ती सकाळ विसरणंही मला जमलेलं नाही. संदुकीला चार कुलपं होती, चारही शाबूत होती आणि आतली बाजाची पेटी गायब होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. मी नांदुऱ्याच्या ठाण्यात होतो. हे चौघे वडनेर भोलजीच्या बाजूच्या एका खेड्यातले. एक गायक, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, आणि चौथा खंजिरी वाजवत नाचायचा. सिनेमाच्या चालींवर स्वतःची गाणी रचून म्हणायचे. चौघांचे जांभळे साटिनचे कोट एकाच थानातले, केसांचे कोंबडेही सारखे. लग्न असो की गणपती, त्यांच्याशिवाय तालुक्यात कार्यक्रम होत नसे. एरवी बंदोबस्त म्हटलं की आमच्या शिपायांच्या पोटात दुखायचं; या पार्टीच्या कार्यक्रमाला मात्र ते आपणहून नाव द्यायचे.

मग देऊळगाव राजाला, बालाजीच्या यात्रेत बिनसलं. पुकारणाऱ्याने कर्ण्यावरून गायकाचं नाव घेतलं आणि पुढे जोडलं, 'आणि मंडळी'. बाकीचे तिघे 'मंडळी' झाले. कार्यक्रम जोरात झाला, पण परतीच्या एस.टी.त चौघे चार बाकांवर बसले आणि पार्टी मोडली.

राहिली ती पेटी. ती चौघांनी मिळून घेतलेली. आमच्या भागात भावांची वाटणी अडली की सामायिक वस्तूला प्रत्येक जण आपलं कुलूप लावतो. यांनीही तेच केलं. दसऱ्याला पेटी संदुकीत ठेवली, संदूक मारुतीच्या देवळात ठेवली, पुढे चार कड्या मारल्या आणि ज्याने त्याने आपली किल्ली करदोट्याला बांधली.

पौषात ढोलकीवाला फिर्याद घेऊन आला. पेटी चोरीला गेली, संशय गायकावर. नेमका त्याच गायकाचा कागद माझ्या टेबलावर पडला होता. त्याची शाळामास्तर म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्याचा अहवाल आमच्या ठाण्याने द्यायचा होता. गुन्हा दाखल झाला असता तर नेमणूक गेली असती. म्हणून लेखणी उचलण्याआधी मी फिर्यादीला एवढंच विचारलं, की कुलपं बंद असताना आत पेटी नाही हे तुला कळलं कसं.

"हालवून पाह्यली सायेब. हलकी लागली."

संदूक हलवण्याचं कारण विचारलं. म्हणाला, मारुतीच्या पाया पडायला गेलो होतो, धक्का लागला.

लेखनिक हवालदार मान वर न करता म्हणाले, "एवढ्या संदुकीले धक्का लागला, अन् तू उभाच राह्यला काय बे?"

पंचनाम्यासाठी संदूक ठाण्यात आणवली, चौघांना किल्ल्यांसह बोलावलं. चारही कुलपं उघडली. आत एक फडकं. मी संदूक फिरवली तेव्हा पाठीमागच्या बिजागऱ्या दिसल्या. स्क्रू चकाकत होते, त्यांच्या खाचा झिजून गोल झाल्या होत्या. एकदा केलेल्या चोरीत स्क्रू एवढे झिजत नाहीत. चौघांनी सगळा पहारा पुढे बसवला होता. पाठीमागे कोणाचं लक्षच नव्हतं.

चौकशी एकेकाची घेतली. चोरीचं नावही काढलं नाही. मुद्देमालाचं वर्णन सांगा, एवढंच विचारलं. खंजिरीवाल्याने रंग सांगितला, भाता सांगितला आणि म्हणाला, मधली एक पट्टी दाबली की वर येत नाही. ढोलकीवाल्यानेही ती पट्टी सांगितली. पेटीवाल्याने तर ती कोणती हे हवेत बोट ठेवून दाखवलं. हवालदारांनी प्रत्येकाला सहज विचारलं, ही खोड कधीपासून? तिघांचंही उत्तर एकच, दिवाळीपासून. पेटी तर दसऱ्यालाच कुलपात गेली होती.

तिघेही कबूल झाले; प्रत्येक जण मागचे स्क्रू काढून पेटी वाजवायचा आणि परत ठेवायचा. पेटीवाल्याला वाजवल्यावाचून करमत नव्हतं. खंजिरीवाल्याला नवी चाल बसवायची होती. ढोलकीवाल्याला काय गरज, असं विचारलं तर खाली बघत म्हणाला, "पेटी शिकून राह्यलो होतो सायेब. म्हनजे कोनाची गरज नाही पडनार." त्याच शिकण्यासाठी गेला तेव्हा त्याला संदूक रिकामी सापडली होती.

गायकाने मात्र वर्णनात पट्टीचा उल्लेखही केला नव्हता. हवालदारांचं मत पडलं की हा एकटा स्वच्छ आहे. मलाही तसंच वाटलं. मी त्याला आत बोलावून सांगितलं, की बाकीच्या तिघांनी संदूक उघडली होती, तुझं नाव यात नाही, तुझा अहवाल आजच जाईल. तो सुटकेचा श्वास टाकेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने उलट मलाच विचारलं,

"त्याहिले काही करसान काय, सायेब?"

मी म्हणालो, ते कायदा बघेल.

मग तो बोलला. "पेटी म्या नेली. टेशनापाशी दुरुस्तीले टाकली हाये. दुपारी देवळातून आमच्या पेटीवाल्याची पेटी आयकू ये. त्या पट्टीपाशी आला की अडकून जाये, पुन्हा पयल्यापासून धरे. मले आयकवेना."

त्याच्या नोकरीचा कागद आमच्या दोघांच्या मधे टेबलावर होता आणि तो कागद कसला हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिपाई पाठवून पेटी आणवली. कारागिराने पट्टी सुधारली होती, पण गिऱ्हाईक येईना म्हणून तोच वाजवत बसला होता. पेटी वाजते की नाही याची पंचांसमोर खात्री करणं आवश्यक आहे, असं हवालदारांनी गंभीरपणे सुचवलं. पेटीवाल्याने ती पट्टी दाबली. ती वर आली. त्याने गायकाकडे एकदा पाहिलं आणि दोघांच्या ठरलेल्या गाण्याचा सूर धरला. ढोलकी नव्हती म्हणून ढोलकीवाल्याने आमचं टेबल घेतलं. खंजिरीवाल्याला शिपायाने आपल्या किल्ल्यांचा जुडगा दिला. कोठडीतल्या दोन जुगाऱ्यांनी ताल धरला.

दुसऱ्या कडव्याला भांडण लागलं. ते कोणी उचलायचं यावर.

फिर्याद मागे घेतली गेली आणि मी अहवालावर 'चारित्र्य उत्तम' असं लिहून सही केली. पेटीचं मात्र ठरेना. शेवटी ती पुन्हा संदुकीत गेली, पुन्हा चार कुलपं लागली, आणि चौघांनी चारही किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. ढोलकीवाला म्हणाला, "तुमच्यापाशी राहू द्या सायेब. आमचा आमच्यावर भरोसा नाही."

हवालदारांनी विचारलं, बिजागऱ्यांना पक्के रिबिट मारून घ्यायचे का. मी म्हणालो, रिबिट नको, थोडं तेल सोडा.

पोलिसाला माणूस खोटं का बोलतो हे शोधायची सवय असते. तो खरं का बोलतो याकडेही लक्ष ठेवावं, हे मी त्या मुलाकडून शिकलो. पुढे माझी बदली मेहकरला झाली. सामानात किल्ल्या आल्या त्या आल्याच. निवृत्तीनंतर करायच्या कामांची मी यादी केली, त्यातली बहुतेक उरकली. चार किल्ल्या परत करणं हे काम तेवढं बाकी आहे. त्या मागायला आजवर कोणी आलेलं नाही. नांदुऱ्याकडचा कोणी भेटला की सांगतो, त्या गावात दुपारी देवळापाशी अजून पेटी ऐकू येते.