दुबळा पिंजरा पहिला

माणसाला सशासारखं जपणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमचे जवाईबापू. औषधांच्या कॉलेजातल्या प्राण्यांच्या खोलीत त्यांची सारी नोकरी झाली. ससे सांभाळायचे, वजनं करायची, कानाच्या शिरेतून रक्त काढायचं. नातीच्या बारशाला सगळे म्हणाले, डोळे आईवर गेले. हे पाळण्यात वाकून म्हणतात, "कान मस्त हायेत, शिरा साफ दिसून राहिल्या!"

तिथं एक प्रयोग नेहमी चाले. सशांचे दोन गट करायचे, दोन्ही गटांना मेंढीच्या रक्तपेशी टोचायच्या, म्हणजे अंगात त्यांच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात. पण एका गटाला प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही द्यायचं. त्यांच्या रक्तात मग प्रतिपिंडं अगदी थोडी निघत. असे ससे जवाईबापू आंघोळ करून सगळ्यांत आधी हाताळत, धडधाकट नंतर, म्हणजे इतरांचे जंतू त्यांना लागू नयेत. दुबळा पिंजरा पहिला, हा त्यांचा नेम.

मागच्या वर्षी बहिणीनं मला तिची एक किडनी दिली. अंगानं ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी मलाही तसल्याच औषधाच्या गोळ्या जन्मभराच्या लागल्या. झालं! समता कॉलनीतल्या माझ्या दारात दूधवाल्याच्याही आधी जवाईबापू हजर, ओल्या केसांनी, काखेत वजनकाटा. शंकर नगरची मैत्रीण फाटकाशी शिंकली, तर तिला तिथूनच परत धाडलं. ती बिचारी ओरडतेय, "अरे भैया, सर्दी नहीं है, मिर्ची का तड़का लगा था!" हे म्हणाले, "हव, पंधरा दिवसांनी या."

डॉक्टरांनी मला फ्लूची लस दिली तेव्हा तर जवाईबापूंनी कमालच केली. "बाई, त्या गोळ्यांपायी तुमाले ते अर्धीमुर्धीच लागू पडन. आजूबाजूच्यांनीच घेतली पाहिजे." सिस्टरला घरी बोलावून साऱ्यांना रांगेत उभं केलं, आणि स्वतःची पाळी येताच चक्कर येऊन खुर्चीत कोसळले. जन्मभर सशांना सुया टोचलेला माणूस! मला हसू आवरेना.

बहीण म्हणाली, "बाई, सिस्टरनं अजून हातबी नव्हता लावला हो!"

त्यांना पाणी देता देता मी सहज विचारलं, "जवाईबापू, त्या औषधवाल्या सशांचं पुढं काय व्हायचं? जगायचे किती दिवस?"

त्यांनी गिलास खाली ठेवला.

"प्रयोग संपला का सारेच मारून टाकत, बाई. रक्तात किती कमी निघालं तेवढं लिहून घेत. त्याच्यापुढं जगवून कोनी पायलंच नाही." मग बहिणीकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "मले जगवनं कुठं येते? तुमच्यावरच शिकून राहिलो."

त्यांनी आपणहून बाही वर सरकवली, डोळे गच्च मिटले आणि सिस्टरला म्हणाले, "लगा दो दीदी."

मी त्यांचा दुसरा हात धरून बसले. बर्फासारखा गार होता.