विक्रीला न काढलेली पेटी

आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढणार नाही, हे नवऱ्याने मला चहा पिताना सांगितलं. रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत तो संगणकाचं काम बघायचा. त्याची जागा आता एका स्थानिक तरुणाला द्यायचं ठरलं होतं. देश त्यांचा, बँक त्यांची, बोलणार काय? मी म्हटलं, "म्हणजे खलास?" तो म्हणाला, "खलास," आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. मला सगळ्यात जास्त राग त्या बिस्किटाचा आला.

रियाध कायमचं सोडून जाणाऱ्यांची एक रीत आहे. घरातल्या एकेका वस्तूचा फोटो काढायचा, खाली किंमत लिहायची आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. मग लोक येतात. फ्रिज उघडून वास घेतात, सोफ्यावर बसून उड्या मारतात, आणि "बघतो, कळवतो" म्हणून निघून जातात. कळवत कुणीच नाही. तुमचं विमान कधी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. आदल्या दिवशी सगळं फुकटात मिळणार, मग आधी पैसे कोण टाकणार? कालपर्यंत ज्यांना वाढून वाढून माझी कंबर मोडली, तेच हे लोक.

मी सगळ्याचे फोटो टाकले. पेटीचा टाकला नाही.

ही वाजवायची पेटी मी पुण्याहून आणली होती, मुलगी कडेवर होती तेव्हा. त्या दिवसांत रियाधमध्ये वाद्य आणलं तर ते जप्त व्हायची भीती असायची. विमानतळावर अधिकाऱ्याने खोकं उघडायला लावलं आणि विचारलं, "एश हादा?" हे काय आहे? नवरा घाबरून म्हणाला, "मुलीचं खेळणं." अधिकाऱ्याने एक पट्टी दाबली. भाता मिटलेला, आवाज कुठून येणार? त्याने दोन-तीन पट्ट्या आणखी दाबल्या, "खराब आहे" अशी मान हलवली आणि आमच्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "यल्ला." चला, निघा. बाहेर येईपर्यंत मी हसू दाबलं होतं, गाडीत बसल्यावर पोट दुखेपर्यंत हसले.

तेव्हा शहरात सिनेमागृह नव्हतं, गाण्याचा जाहीर कार्यक्रम नव्हता, बाईला गाडी चालवता येत नव्हती. गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या. कुणी बटाटेवडे आणायचं, कुणी श्रीखंड. दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून मी पेटी काढायचे आणि ती गायची. ती म्हणजे आमच्या वरच्याच मजल्यावर राहणारी नागपूरची बाई. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायची. गळा असा की वडा हातात धरून लोक खायचे विसरत. मला स्वतःला गाता येत नाही, अगदीच बेसूर आहे मी. पण साथ करावी तर मीच! ती श्वास कुठे घेणार हे माझ्या बोटांना तिच्या आधी कळायचं. कार्यक्रम संपला की ती पेटीवर हात ठेवून म्हणायची, "ताई, ही नसती ना, तर मी या गावात वेडी झाले असते." मीही तिला तेच म्हणायचे, फक्त मनातल्या मनात.

मग सगळं खुलं झालं. सिनेमागृहं आली, मैदानांवर दिव्यांचे झगमगाट आले, मोठमोठे गायक विमानाने येऊन गाऊ लागले. झालं ते चांगलंच झालं, मुलीला घेऊन मीही पहिला सिनेमा बघून आले आणि अंधारात खुळ्यासारखी रडले. पण आमच्या गुरुवारांची पार रया गेली. आधी दोन घरं गळली, मग चार. "ताई, आज तिकिटं काढलीत हो!" शेवटी ती एकटी येत राहिली, आणि एक दिवस तीही फोनवर तयार वाद्यमेळ लावून गायला लागली. "यात सगळी वाद्यं असतात ताई, तुम्हाला उगाच त्रास कशाला?" त्रास! मी हसून "हो गं" म्हटलं आणि ती गेल्यावर भांडी आपटली.

तरीही, खरं सांगते, मला वाटत होतं की पेटी ती मागेल. मी काही तिला ती विकणार नव्हते. तिने नुसतं म्हणायचं होतं, "ताई, ही मला द्या." मी कपड्यात गुंडाळून, वर हार घालून दिली असती. नवरा म्हणायचा, "अगं, तूच सांगून टाक ना तिला." मी का सांगू? इतकी वर्षं जिने त्या पेटीवर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणलं, तिला कळत नाही? मुलगी म्हणाली, "आई, जस्ट आस्क हर." आमच्या घरात सगळे शहाणे, मी एकटी वेडी.

ती आली, विमानाच्या चार दिवस आधी. हातात मोजपट्टी. मला मिठी मारली, "ताई, तुमच्याशिवाय कसं होणार माझं," म्हणाली आणि सरळ बेडरूममध्ये कपाट बघायला गेली. पेटी तिथेच होती, कपाटाला लागून, वर माझी जुनी साडी टाकलेली, पण एक बाजू उघडी. तिने बघितली. मी दारात उभी होते, मी तिला बघताना बघितलं. तिने पायाने पेटी जरा बाजूला सारली, खांद्यावरची पर्स तिच्यावर ठेवली आणि कपाटाची रुंदी मोजली. मग पडद्यांच्या दांड्या. मग वॉशिंग मशीन, त्यात पन्नास रियाल कमी करा म्हणाली. मी केले. जाता जाता गॅलरीतल्या कुंडीशी थांबली. "ताई, हा कढीपत्ता कुणाला कबूल केलात का? मला द्या ना, प्लीज, तुमची आठवण म्हणून!"

कढीपत्ता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "ने की" एवढंच निघालं. कुंडी पोटाशी धरून ती जिना चढून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. पेटीचं काय केलंत, कुणी घेत नसेल तर मुलाच्या शाळेत नाटकाला ठेवायला चालेल, ड्रायव्हरला पाठवते. पेटी माझ्यासमोर होती. मी लिहिलं, "विकली." मला वाटलं, ती हळहळेल. एखादं "अरेरे" तरी लिहील. लगेच उत्तर आलं, "अय्या! कितीला गेली?"

मी बॅग पुन्हा उघडली. काचेचा डिनर सेट काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, दोन जड साड्या काढल्या, आणि पेटी आत घातली. नवरा म्हणाला, "पुण्यात गल्लोगल्ली पेट्या मिळतात गं." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप बॅगेवर बसला आणि चेन लावायला लागला.

आता पुण्यात आहे. इथे माझ्या पेटीवाचून कुणाचं काही अडलेलं नाही. तिचे फोन येतात, मी उचलत नाही. मुलगी म्हणते, किती राग धरशील? धरीन. माझा आहे, मला हवे तितके दिवस धरीन.

परवा घरात कुणी नव्हतं. पेटी काढली, पुसली, भाता सोडला. म्हटलं, आज आपणच गुणगुणू, बेसूर तर बेसूर, ऐकायला कोण आहे? खालच्या पट्टीत धरणार होते, माझा आवाज तिथेच लागतो. पण बोटं आपोआप वर काळी चारवर गेली. ती तिची गायची पट्टी. हात उचलून मी खाली आणला, सूर धरला, आणि एक ओळ संपायच्या आत बोटं परत वर. माझा गळा तिथवर पोचत नाही. मी गाणं सोडून दिलं आणि नुसती वाजवत बसले, मधल्या जागा तिच्यासाठी मोकळ्या ठेवून.