गुरुवारी आमच्याकडे जेवणारा

माणूस खुनी आहे की वेडा, या एका प्रश्नावर आमचं बेळगाव एका उन्हाळ्यात दोन महिने भांडत होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि लग्न होऊन टिळकवाडीत येऊन दोन वर्षं झाली होती. आमचे हे नोकरीनिमित्त हुबळीला असायचे. घरात सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना आक्का, म्हणून मीही तेच म्हणे.

त्या काळी गरिबाघरचा मुलगा कॉलेजात शिकायला आला की वार लावून जेवायचा. सात वारांना सात घरं. ज्या घरी सोमवार त्या घरी सोमवारीच जायचं, दोन वेळा जेवायचं, पुन्हा आठवडाभर तिकडे फिरकायचं नाही. त्यात कुणाला लाज नव्हती. अण्णाही तसेच शिकलेले, म्हणून आमच्या घरचा गुरुवार कधी रिकामा राहिला नाही.

त्या वर्षीचा गुरुवार निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या मुलाकडे होता. वडील नव्हते, आई तिकडे कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करायची. मुलगा उंच, खांदे किंचित पुढे आलेले, बोलणं हळू. तो एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलाबरोबर खोलीत राहत होता. तोही त्याच्याच वर्गातला, निपाणीचाच. भाडं तो व्यापाऱ्याचा मुलगा एकटा भरायचा आणि कधी बोलून दाखवायचा नाही, हे मला आमच्या गुरुवारच्यानेच सांगितलं होतं. मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

अण्णा साडेनऊला जेवून ओसरीवर वाचत बसायचे. मुलगा अकराला यायचा. ओसरीवर अण्णा विचारायचे, "काय, अभ्यास कसा चाललाय?" तो म्हणायचा, "ठीक आहे." एवढंच त्यांचं दर आठवड्याचं संभाषण. मग तो आत यायचा, आणि आत मी असायचे.

दिवाळीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं. जेवायला बसल्यावर पानाच्या उजवीकडे चित्राहुती घालतात, तशा तो घालायचाच. पण त्यानंतर भाताचा एक घास उचलून तो हात मागे नेऊन पाठीमागे ठेवायचा. पहिल्यांदा मला वाटलं, मांजर आहे. मांजर नव्हतं. दोन-तीन गुरुवार मी पाहिलं आणि मग विचारलं.

"वहिनी, तो मागे उभा असतो," तो म्हणाला. "माझे घास मोजतो. त्याला एक दिला की थोडा वेळ गप्प राहतो."

"कोण?"

"ते अजून कळलं नाही."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी हातातली आमटी वाढून मोकळी झाले. भीती नंतर वाटली, तो गेल्यावर, तो घास पुसून काढताना. पण मी आक्कांना सांगितलं नाही, अण्णांना तर नाहीच. सांगितलं असतं तर अण्णांनी त्याचा वार त्याच दिवशी बंद केला असता, घरात बायकामाणसं आहेत म्हणून. मग गुरुवारी तो उपाशी राहिला असता. मला त्याची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर त्या घरात दया करता येईल असं माझ्या हाताखाली दुसरं कुणी नव्हतं. मलाच सगळे ऐकवायला मोकळे. हा एक मुलगा मला काहीतरी मागत होता आणि मी त्याला ते देत होते. पुढे पुढे त्याच्या पाठीमागे मीच एक लहानसं पान मांडून ठेवू लागले.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी तो अकराला आला. अंघोळ केलेली, धोतर स्वच्छ, केसांतून पाणी निथळत होतं. अण्णांना नमस्कार केला, ठीक आहे म्हणाला, आत आला. पाठीमागचं पान पाहून म्हणाला, "ते उचला वहिनी. आज तो येणार नाही. आता येणारच नाही."

मला केवढा आनंद झाला! म्हटलं, पोरगा बरा झाला. मी त्याला दोनदा भात वाढला. वर तूप वाढलं. तोही पोटभर जेवला, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा.

दुपारी तीन वाजता खडेबाजारातून बातमी आली. व्यापाऱ्याचा मुलगा खोलीत अंथरुणातच मरून पडला होता. डोक्यात वरवंटा घातलेला. पहाटे केव्हातरी झालं असावं. आमचा गुरुवारचा मुलगा पोलिसांना वाचनालयात सापडला, पुस्तक उघडून बसलेला. कशाला मारलंस म्हणून विचारलं तर नुसता मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून गावाला तोंड फुटलं. निपाणीहून तंबाखूवाल्यांच्या मोटारी येऊन कोर्टाच्या आवारात उभ्या राहायच्या. कॉलेजातली मुलं दोन तटांत वाटली गेली. न्हाव्याच्या दुकानात, शिंप्याच्या माचावर, देवळाच्या पायरीवर एकच विषय. आरोपीसाठी सरकारने दिलेला वकील म्हणतो आहे, मुलगा वेडा आहे, त्याला फाशी देता येत नाही, हे कळल्यावर तर लोक खवळलेच. एका शास्त्रीबुवांनी म्हणे भर सभेत विचारलं की वेड्याला इंग्रजी निबंधात पहिला नंबर कसा मिळतो?

आमच्याकडे भांडी घासायला वडगावहून एक बाई यायची, विणकराच्या घरातली. तिने तर पहिल्याच दिवशी निकाल लावला. "येडा कुठला वैनी? लई शाना हाय त्यो. खून केला, आंगुळ केली, धुतल्यालं धोतर नेसला आन् येळेवर जेवाय आलता तुमच्यात. येडं मानूस आसं करतंय व्हय?"

मी राख पुढे सरकवली.

मग एक दिवस तो वकील आमच्या घरी आला. तरुणच होता, कोट घामाने भिजलेला. अण्णांसमोर बसून म्हणाला, "मुलगा सात घरी जेवत होता. सिव्हिल सर्जनसाहेबांनी त्याला तुरुंगात पंधरा मिनिटं पाहिलं. नाव विचारलं, वार विचारला, बेरीज घातली. सगळं बरोबर सांगितलं त्याने. पण सात घरांतल्या कुणाला तरी काही वेगळं दिसलं असेल. तेवढं मला हवं आहे. नाहीतर तो जातो."

अण्णा खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि सांगितलं, "नाही बुवा. सालस मुलगा. वेळेवर येई, नीट उत्तर देई. त्या दिवशीही तसाच आला होता."

वकिलाने माजघराच्या दाराकडे पाहिलं. दाराआड मी होते, त्याला माझ्या लुगड्याचा काठ दिसत असणार. "घरातल्या बायकांपैकी कुणी काही..."

"बायकांचा यात काय संबंध?" अण्णा म्हणाले. "आमच्या घरातली बाई कोर्टाची पायरी चढणार नाही."

तो पाणी पिऊन गेला. मधे मला एक पाऊल टाकायचं होतं, फक्त एक. माझे पाय हलले नाहीत. आजवर मी अण्णांना दोष देत आले, पण अण्णांनी काही मला धरून ठेवलं नव्हतं.

अण्णांची साक्ष झाली, ती आरोपीच्या बाजूने म्हणून गेली आणि त्याच्याच गळ्यात पडली. सरकारी वकिलाने त्यांच्याकडून अंघोळ, धोतर, वेळ, नमस्कार हे सगळं शब्दन्‌शब्द काढून घेतलं. बाकीच्या घरांतल्या पुरुषांनीही तेच सांगितलं. शांत मुलगा, हुशार मुलगा. सगळे खरं बोलले. त्यांतल्या एकानेही त्याला कधी जेवताना पाहिलं नव्हतं.

निकाल राहिला होता तेव्हा चैत्रातलं हळदीकुंकू आलं. एका वकिलीणबाईंकडे आम्ही गेलो होतो. गौरीपुढे कलिंगडाची फुलं कापून ठेवली होती, आंब्याची डाळ होती, पन्हं होतं. बोलता बोलता विषय निघालाच. सोमवार ज्यांच्याकडे होता त्या बाई सहज म्हणाल्या, "माझ्याकडे तो भिंतीला पाठ घासून बसायचा. चटईसुद्धा नको म्हणायचा, मधे जागा राहते म्हणून."

मग बुधवारवाल्या म्हणाल्या, माझ्याकडे घास चावायचाच नाही, नुसता गिळायचा, आवाज झाला तर त्याला मोजता येतं म्हणे. शनिवारच्या घरातली सून रडायलाच लागली. तिच्याकडे तो खुनाच्या आधीच्या शनिवारी म्हणाला होता, मोजणारा कोण ते मला आता कळलं आहे, माझ्याच खोलीत झोपतो. तिने ते थट्टेवारी नेलं होतं.

"मग तू कुणाला बोलली का नाहीस गं?" आक्कांनी तिला विचारलं.

"त्याचा वार तुटला असता ना," ती म्हणाली.

प्रत्येकीचं कारण तेच होतं. आठवड्यातल्या एकेका दिवसाचं वेड एकेकीने आपल्या स्वयंपाकघरात झाकून ठेवलं होतं. पोराचं जेवण तुटू नये म्हणून. एकत्र कधी कुणी मांडलंच नाही.

सोमवारवाल्या बाई धीट होत्या. त्या म्हणाल्या, वकिलाला पत्र लिहू या. माझं शिक्षण मराठी सातवी, म्हणून लिहायला मला बसवलं. मी तिथेच, गौरीच्या बाजूला बसून लिहिलं. अक्षर छान होतं माझं. सगळं लिहिलं, आणि खाली सह्या करायची वेळ आली.

तेव्हा बुधवारवाल्या म्हणाल्या, "हे वाचून पहिला प्रश्न काय येईल सांगू? तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही बोललात? शनिवारी कळलं तेव्हाच बोललं असतं, तर ते दुसरं पोर आज जिवंत असतं. त्याच्या आईला काय तोंड दाखवायचं?"

सही कुणीच केली नाही. त्या मेलेल्या मुलाची आई रोज कोर्टात येऊन बसत होती हे सगळ्यांना माहीत होतं. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याचं रक्त आमच्या हाताला लागत होतं. शनिवारवाली सून माझ्या हातातल्या कागदाकडे अशी बघत होती, जणू तो कागद तिलाच फाशी देणार आहे. पुढे ओट्या भरल्या, हरभरे वाटले आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. पत्र माझ्याकडे राहिलं. एकटीची सही करून ते मी पाठवू शकले असते. सकाळी पाणी तापवताना मी ते चुलीत घातलं.

फाशीची शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने ती कायम केली. गावात पुष्कळांनी समाधानाचा सुस्कारा सोडला, थोडे हळहळले, आणि मग बोलायला दुसरं काहीतरी आलं.

शिक्षा अमलात यायच्या आधी त्याची आई त्याला भेटायला हिंडलग्याच्या तुरुंगात आली होती. तिथून ती टिळकवाडीत आली. सातही घरी जाऊन येणार होती म्हणे. दुपार होती, अण्णा झोपले होते, आक्का पोथीला गेल्या होत्या. लाल आलवण डोक्यावरून घेतलेली, अगदी लहानखुरी बाई. तिने भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि उंबऱ्यावरच बसली. आत या म्हटलं तर आली नाही.

"माझ्या लेकराला वर्षभर जेवू घातलंत," ती म्हणाली. "आणि कोर्टात चांगलं बोललात. तो वकील त्याला वेडा ठरवायला निघाला होता हो. गावात मला ज्याने त्याने विचारलं, तुमच्या घराण्यात कोण वेडं होतं? तुमच्या अण्णांनी सांगितलं, मुलगा सालस, मुलगा शहाणा. तेवढ्यावर मी गावात तोंड वर करून चालते."

ती माझ्याकडे बघत होती.

"तुम्हीच वाढायचात ना त्याला? तो सांगायचा मला, गुरुवारच्या वहिनी फार मायेच्या. तुम्ही जवळून बघितलंत त्याला. नव्हता ना माझा मुलगा वेडा?"

मी म्हटलं, "नव्हता."

तिने डोळ्यांना पदर लावला, उठली, दाराला हात धरून दोन पायऱ्या उतरली. मग थांबली. वळली, तेव्हा तिचा चेहरा निराळाच झाला होता.

"मग मारलं कशाला हो त्याने?" ती म्हणाली. "भावासारखा सांभाळत होता तो मुलगा याला. खोलीचं भाडंसुद्धा घेत नव्हता. आज मी विचारलं त्याला, तर गजांतून माझ्याकडे नुसता बघत राहिला. शहाणा होता तर असं कशाला केलं? एवढं मला कुणीतरी सांगा."

मी दारात उभी होते. घरात कुणी जागं नव्हतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, मला अडवणारं कुणीच नव्हतं.

"मला नाही ठाऊक," मी म्हणाले.