जपानी वाडग्यातली पेज

भाताच्या पेजेचा वास आला की मी थेट रियाधच्या मलाझमधल्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचते. कचेऱ्यांतून परदेशी माणसं काढून सौदी माणसं घ्यायचे दिवस होते आणि आमच्या ह्यांची खुर्चीही डुगडुगत होती. जेद्दाला बदली मिळाली तरच इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, वाढणार, आणि ती होती ह्यांच्या जपानी साहेबाच्या हातात. त्याच साहेबाने आम्हाला त्यांच्या चहाच्या विधीचा वाडगा भेट दिला होता, मातकट, खरबरीत आणि एका अंगाला कललेला. मी तेव्हा मोठी शहाणी! सोनेरी काठाचे कप काचेच्या कपाटात मांडले आणि हा फसलेला माल समजून पेजेला लावला. एका शुक्रवारी दुपारी साहेब अचानक घरी आला. “अगं, तो वाडगा आण समोर,” हे कुजबुजले. तेवढ्यात आमची लेक आतून ओरडली, “मम्मी, उसमें तो पेज है!” ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काय झालं ते बघायला साहेब उठून आत गेला, वाडगा दोन्ही हातांत धरून बघत राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, “नवा वाडगा आम्हीही आधी भाताच्या पाण्यात मुरवतो. तुम्हाला कोणी शिकवलं?” पापणी न हलवता मी सांगितलं, “आमच्या कोकणात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.” बदली झाली. ती ह्यांच्या कामामुळे की माझ्या थापेमुळे, देव जाणे, पण हे शेवटपर्यंत सांगत राहिले, “हिला जपानी भांड्यांतलं कळतं हो!” आता नातवंडं ऑनलाइन मागवलेली भांडी पुढ्यात ठेवून विचारतात, “आजी, असली आहे का?” मी चष्मा पुसते, भांड्यावर टिचकी मारते आणि खुशाल निकाल देते.